देवाला विचारलेला आऊट

भात कापून झालं की आमच्या डिचोली भागात काही दिवस एक वास रेंगाळतो. ओल्या तणाचा, म्हणजे भाताच्या काड्यांचा, आणि खाली उघड्या पडलेल्या चिखलाचा. मग ऊन लागतं, चिखलाला भेगा पडतात, वास उडून जातो आणि त्याच्या जागी आवाज येतो. बॅटीवर चेंडू बसल्याचा. यंदाही एका सकाळी सोप्यावर चहा घेत बसलो होतो तेव्हा तो आला. देवळाच्या खालच्या शेतात पोरांनी स्टंप ठोकले होते. या दिवसांत लोकांना जत्रा आठवतात, नव्या तांदळाचे पोहे आठवतात. मला एक आवाज आठवतो. तो खरोखर झाला होता की माझ्या कानांनी मला फसवलं, हे मला अर्ध्या आयुष्यात कळलं नव्हतं. यंदा कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आमचं मैदान म्हणजे पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात क्रिकेट. कापणी झाली की दोन-चार घरांच्या शेतांमधल्या मेरा, म्हणजे बांध, फोडून एक सलग जागा करायची आणि मृगाआधी त्या होत्या तशा बांधून द्यायच्या. मेर फोडायची परवानगी त्या घरच्या बाईकडून घ्यायची. पुरुषानं दिलेली परवानगी संध्याकाळपर्यंत टिकत नसे. पिचेसाठी सगळ्यात चांगली माती रोयणीची, म्हणजे वारुळाची. पण आमच्याकडे रोयण ही साक्षात देवी, तिला हात कोण लावणार? म्हणून नदीकाठची चिकणमाती टोपल्यांनी आणायची, लाकडी पेटण्यानं चोपायची, वर शेणाचा सडा घालायचा. देव पहिल्यांदा आमच्या खेळात आला तो असा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी थोरले गावकार दत्तारामकाका पिचेवर नारळ फोडत आणि गाऱ्हाणं घालत. कोणाचे हातपाय मोडू नयेत, भांडण होऊ नये, आणि चषक नदीपलीकडे जाऊ नये. शेवटचं मागणं ते जरा मोठ्यानं म्हणत.

मी विकेटकीपर होतो. चांगला होतो. हे आता मीच सांगायला हवं, कारण सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. कीपरचं अर्धं काम डोळ्यांचं असतं आणि अर्धं कानांचं. चेंडू बॅटीच्या मधोमध बसला तर त्याचा आवाज गोल असतो, पॅडला लागला तर बसका, आणि कडेला निसटता लागला तर इतका बारीक की सुकलेली काडी नखानं मोडावी तेवढाच. तो बारीक आवाज मला कधी चुकला नाही. आमचा उल्हास फलंदाज आणि मी कीपर, अशी शाळेपासूनची जोडी. एका सायकलवरून आम्ही डिचोलीच्या बाजारापासून पार सर्वणपर्यंत सामन्यांना गेलो. तो पुढे दांडीवर बसायचा, कारण पॅडल मारायचा त्याला कंटाळा. आपले हात बॅटिंगसाठी राखायचे असतात असं तो म्हणायचा. हातांनी पॅडल मारत नाहीत हे मी त्याला कितीदा सांगितलं.

एका वर्षी माझ्या उजव्या हाताची तर्जनी मोडली. हाडवैद्यानं ती बांधली आणि ती वाकडीच जुळली. कीपिंग संपलं. तेव्हा गावानं मला अंपायर केलं, आणि इथे आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. गावागावांच्या सामन्यांत दोन्ही गाव आपापला एकेक अंपायर देत. त्यांचा अंपायर त्यांना सांभाळणार, आमचा आम्हाला सांभाळणार, हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणाची तक्रारही नसे. लबाडी दोन्हीकडून सारखी झाली की तिला न्याय म्हणायचं, असा तो हिशेब होता. उलटून पाहिलं तर तोही एक प्रकारचा प्रामाणिकपणाच. फक्त मला तो कुणी नीट समजावून दिला नाही. मला वाटलं, अंपायर म्हणजे अंपायर. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा जुना पांढरा कोट मी मागून आणला. चेंडू मोजायला काजूच्या सहा सुक्या बिया एका खिशात ठेवल्या. एक चेंडू पडला की एक बी या खिशातून त्या खिशात. माझ्यासारखा मूर्ख त्या हंगामात दुसरा नव्हता.

अंतिम सामना नदीपलीकडच्या गावाशी होता. शेताच्या चारी बाजूंना माणसं, वर देवळाच्या पायऱ्यांवर बायका, रस्त्यावर खाणीचे लाल ट्रक उभे करून ड्रायव्हर टपावर चढलेले. त्या वेळी खाणी जोरात होत्या. आमच्या घामालासुद्धा लाल रंग असायचा. शेवटचं षटक. आमच्या थोड्या धावा राहिलेल्या, उल्हास खेळतोय, आणि तो खेळत असताना आमचा गाव हरत नसतो. गोलंदाज होता न्हानू, दोडामार्गकडून खाणीवर आलेला ट्रकचा क्लीनर. हाडकुळा, पण चेंडू छातीवर यायचा. तो धावत आला, माझ्या बाजूनं निघून गेला, चेंडू टप्पा पडून किंचित बाहेर गेला, उल्हासची बॅट आली, आणि मी तो आवाज ऐकला. काडी मोडल्याचा. चेंडू कीपरच्या हातात. न्हानू आणि कीपर दोघेही ओरडले. उल्हासनं आपलं पॅड चोळत माझ्याकडे पाहिलं. काही झालंच नाही असं पाहिलं.

माझं बोट वर गेलं. ते वाकडं असल्यामुळे आकाशाकडे न जाता जरा उल्हासकडेच वळलेलं होतं. पुढे लोक म्हणायचे की मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तेवढंही खरं नाही. माझं बोट तसंच आहे.

मग नदीपलीकडचे नाचायला लागले, आणि आमच्या बाजूनं पहिला शब्द आला तो दत्तारामकाकांचा. ते शेतात आले, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले.

"गणपत, तूं कोणाचो रे?"

"काका, बॅटीक लागललो."

"तें विचारूंक ना हांवें. तूं कोणाचो, तें सांग. त्यांचो अंपायर त्यांकां राखता. आमचो अंपायर आमकांच मातयेंत पुरता!"

मी कोणाचा होतो? त्या क्षणी मी फक्त त्या आवाजाचा होतो.

तरी गोष्ट तिथंच संपली असती. चार दिवस शिव्या, मग शिगमा, मग आंबे-फणस, आणि पावसाबरोबर सगळं वाहून गेलं असतं. पण गावात दोन तट पडले. काही जण म्हणाले, गणपतचा कान खोटा नाही. बाकीचे म्हणाले, नदीपलीकडे त्याची सासुरवाडी आहे. हे मात्र खरं होतं. माझ्या बायकोचं, सुमनचं, माहेर पलीकडे. वाद वाढला, दोन घरांचं येणंजाणं थांबलं. तेव्हा दत्तारामकाकांनी तोड काढली. आमच्याकडे लग्न जुळवायचं, विहीर खणायची, जमीन विकायची, तर आधी देवाचा प्रसाद घेतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. काका म्हणाले, हेही देवालाच विचारू. भांडण मिटेल. क्रिकेटचा आऊट देवापुढे लावणारा आमचा गाव पहिला असेल, आणि शेवटचाही असेल अशी मला आशा आहे.

हसू येतं ना? तेव्हा मला आलं नाही. मी आंघोळ करून, धूत वस्त्र नेसून गेलो. मला भीती नव्हती. मी ऐकलं होतं आणि ज्याला सगळं ऐकू येतं त्याला लोक विचारणार होते. याहून चांगला तिसरा अंपायर कुठं मिळणार? गाभाऱ्यासमोर अर्धा गाव हात जोडून उभा होता. उल्हास माझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. त्यानंही हात जोडले होते. भटजींनी पाकळ्या लावल्या. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, गणपतान दिल्लो आवट खरो आसत जाल्यार उजवें दी, फट आसत जाल्यार दावें दी." फट म्हणजे खोटा.

समईच्या उजेडात पाकळ्या ओल्या दिसत होत्या. मी उजवीकडच्या पाकळीकडे पाहत होतो, ती हलतेय असं दोनदा वाटलं. पडली ती डावी.

उल्हासनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जांव दी रे. जाता तशें." असू दे, होतं असं. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

गावानं मला वाळीत टाकलं असं कोणी म्हणू शकणार नाही. तसं काही झालं नाही, आणि तेच वाईट. कोणी ये म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. पुढच्या हंगामात पीच करायच्या दिवशी निरोप आला नाही. मी पेटणं घेऊन गेलो तर माती आधीच चोपून झाली होती. जत्रेत पालखीला खांदा द्यायचा आमच्या घराचा मान होता. त्या वर्षी मी पोचलो तोवर पालखी उचलली गेली होती, माझ्या जागी दुसरा होता, आणि माझ्याशी नजर भेटू नये म्हणून सगळे देवाकडे पाहत होते. मला नवीन नाव मिळालं, आवट. बाजारात, बसमध्ये, "आवट आयलो" म्हणत. पोरंसोरंही म्हणत. माझं नाव गणपत आहे हे काहींना माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर पाहून कळलं.

देवाचं आणि माझंही काहीतरी मोडलं. मी देवळात जायचं थांबवलं नाही, नारळ ठेवतो, नमस्कार करतो. पण त्यानंतर कधी प्रसाद लावला नाही. मुलीचं लग्न ठरवलं तेव्हा व्याह्यांनी विचारलं, देवाचं काय म्हणणं? मी म्हटलं, देवाला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत. सुमन आत जाऊन रडली. लग्न चांगलं झालं, मुलगी सुखात आहे, पण नात्यातल्या बायका अजून त्या लग्नाबद्दल हळू आवाजात बोलतात.

मग मी पेडण्याकडे अंपायरिंग करायला लागलो. तिकडे मला कोणी ओळखत नव्हतं आणि दोन्ही गावांना परका अंपायर हवा असायचा. ज्या गुणासाठी घरून हाकलला गेलो त्याच गुणासाठी पेडण्यात मागणी होती. स्कूटर काढायची, डब्यात पाव आणि पातळभाजी घ्यायची, काजूच्या बागांमधून जायचं. मार्चमध्ये तिथे बोंडांचा तो आंबूस गोड वास भरलेला असतो, त्यानं उन्हात डोकं जड व्हायचं. खूप सामने केले. अंपायरच्या आयुष्यात काय असतं? कोणी हार घालत नाही, कोणी खांद्यावर घेत नाही. जिंकणारे स्वतःमुळे जिंकतात आणि हरणारे अंपायरमुळे हरतात. एकदा माझ्या स्कूटरची हवा काढली, एकदा कोटावर शेण मारलं. मी तो कोट धुऊन पुढच्या रविवारी पुन्हा घातला. आता ती मैदानं शोधायला जावं तर सापडत नाहीत. विमानतळ आला, त्याच्यामागून रस्ते आले, हॉटेलं आली. एका ठिकाणी जिथे पीच होती तिथे परवा भाड्याच्या गाड्या रांगेत उभ्या पाहिल्या. जाऊ दे, त्याचं दुःख करायला पेडण्याची माणसं आहेत.

माझं दुःख वेगळं होतं. पेडण्यात मी ज्याला ज्याला आऊट दिलं, त्या प्रत्येक वेळी बोट वर करण्याआधी क्षणभर थांबायचो. ऐकलं का खरंच? ती डावी पाकळी डोळ्यांसमोर यायची. लोक म्हणायचे, गणपतराव फार विचार करून देतात. विचार कसला, मी घाबरत होतो.

कारण दिवस जात होते आणि उल्हास तसाच राहिला होता. चवथीला यायचा, करंज्या खायचा, सुमनला वहिनी म्हणायचा, माझ्या मुलीला बाजारातून खाजं आणायचा. त्या सामन्याचा विषय त्यानं कधी काढला नाही. मी मनाशी म्हणायचो, याच्या बॅटीला लागलं असतं तर हा माझ्या डोळ्यात डोळे घालून जेवू शकला असता का? नसता. म्हणजे लागलं नव्हतं. म्हणजे मी चुकलो होतो आणि हा मला मोठ्या मनानं माफ करत होता. माझ्या घरात बसून, माझ्याच करंज्या खात तो मला दरवर्षी माफ करायचा, आणि मी त्या माफीसाठी मनातून त्याचा उपकार मानायचो. त्याला सरळ विचारावं असं कितीदा मनात आलं. पण ज्यानं माफ केलंय त्याला पुन्हा कसं छेडायचं?

न्हानूला मात्र मी विचारलं. खाणी बंद पडल्या तेव्हा तो गावी परत निघाला होता, डिचोलीच्या बसस्टँडवर भेटला. केस पांढरे, पोट सुटलेलं. मी म्हटलं, खरं सांग, तू ऐकलं होतंस ना? तो हसला.

"माका कसला ऐकाक येतला? मी आपलो वराडलंय. बोलर वराडतोच मरे!"

त्याची बस लागली आणि तो गेला. त्यानंतर मी म्हापशाला जाऊन कान तपासून घेतले. सुमनला सांगितलं, चक्कर येते म्हणून. डॉक्टर तरुण होता, यंत्रावर रेघा बघून म्हणाला, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत तुमचे. मी विचारलं, "आणि तेव्हाचे?" तो म्हणाला, "तेव्हाचे म्हणजे कधीचे, काका?" मी फी देऊन बाहेर आलो.

यंदा कापणी झाली, वास आला आणि गेला, आणि क्लबची दोन पोरं दारात उभी राहिली. हातात आमंत्रणपत्रिका.

"गणपतमामा, फायनलीक तुमचो सत्कार करपाचो आसा. तुमी गांवचे सगळ्यांत जुने अंपायर."

मला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे? इतक्या वर्षांनी देवळाखालच्या त्या शेतातून मला बोलावणं आलं होतं, आणि आवटमामा नव्हे तर गणपतमामा म्हणून. सुमननं ट्रंकेतून तो कोट काढला, इस्त्री केली. मी काजूच्या सहा बियाही खिशात टाकल्या. कदाचित म्हणतील, मामा, पहिलं षटक तुम्ही करा. पोरांच्या मनात काय येईल सांगता येत नाही, असं मी सुमनला दोनदा म्हटलं. ती कोटाची कॉलर सारखी करत राहिली.

मैदान ओळखू येत नव्हतं. मंडप, सोफे, बोलणाऱ्याचा माइक, खांबावर कॅमेरे. सामना मोबाइलवर दुबईतही दिसतो म्हणे. अंपायर बाहेरून आणलेले, टोप्या घातलेले, चेंडू मोजायला त्यांच्या हातात छोटी यंत्रं. शंका आली की मोठ्या पडद्यावर तोच चेंडू पुन्हा हळू दाखवतात, आणि आवाजाची रेघसुद्धा उमटते. बारीकशी, काडी मोडल्याएवढी. मी ती रेघ पाहिली. तेव्हा ही रेघ असती तर? दत्तारामकाका गेले. त्यांना ती दाखवता आली असती. अर्थात ते म्हणाले असते, रेघ कोणाची, आमची की त्यांची?

मला सोफ्यावर बसवलं. प्रमुख पाहुणा उल्हास होता. खाणीवरचे आपले ट्रक विकून त्यानं हॉटेल घातलंय, गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. त्यानं मला शाल घातली, श्रीफळ दिलं, माइक हातात घेतला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ह्या मनशाक तुमी वळखतात? ह्या मनशान म्हाका फायनलीक आवट दिल्लो! आनी आयज हांव एक गजाल सांगतां." तो थांबला. त्याला थांबायचं कुठं हे नेहमीच कळतं. "तो आवट आसलो! बॅटीक बरोच लागललो! पूण देवान म्हाका नॉट आवट दिलो!"

मैदान हसलं. असं हसलं की माइकवाल्याला पुढचं बोलता येईना. सोफ्यावरची माणसं मांड्यांवर हात मारत होती. नदीपलीकडच्या गावाचे खेळाडू टाळ्या वाजवत होते. उल्हासनं मला मिठी मारली, त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. फोटोवाला म्हणाला, मामा, हसा. मी हसलो. तो फोटो आता सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, त्यात आम्ही दोघंही हसतोय.

मिठीत असतानाच मी त्याच्या कानात विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"देवळांत कित्याक सांगलें ना तुवें?"

त्यानं मान मागे घेतली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, लाज नव्हती. खरोखर आश्चर्य वाटलेला माणूस होता तो.

"माका कोणें विचारलें रे?"

आणि ते खरं आहे. कोणी विचारलं नाही. अर्धा गाव गाभाऱ्यासमोर उभा होता, भटजी होते, समई होती, पाकळ्या होत्या. देवाला झोपेतून उठवून विचारलं. ज्याच्या हातात बॅट होती तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि त्याला विचारायचं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, मित्र आहे, सांगायचं असेल तर न विचारताच सांगेल.

पहिलं षटक कोणी मला करायला सांगितलं नाही. मी सोफ्यावर बसून सामना पाहिला. लोक येऊन पाठ थोपटून जात होते. काय आवट, जिंकलात की शेवटी! मी जिंकलो होतो. माझा कान खरा ठरला होता. मग घरी चालत येताना पायांत एवढं जड का वाटत होतं? उत्तर मला वाटेतच मिळालं, आमच्या दगडी गडग्याशी. मी चुकलोय असं समजत होतो तोवर माझ्याजवळ एक मित्र होता. त्याच्यासाठीच तर मी स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं होतं. एकाच आवाजानं आधी गाव गेला, आणि आता तो आवाज खरा निघाला तर मित्र गेला. वर त्याला हे ठाऊकही नाही. चवथीला तो येईल. सुमन करंज्या करील. तो खाईल.

शाल मी खुंटीला लावली. सुमननं विचारलं, जेवण वाढू का? मी नको म्हटलं. तिला सगळं कळलंच होतं, गावात भोंगा लावला होता. कोटाच्या खिशातून बिया काढून मी खिडकीत ठेवल्या.

आज सकाळी सोप्यावर बसलो होतो. सुमन सुपात तांदूळ घेऊन पाखडत होती. फायनल झाली तरी पोरांचा खेळ थांबत नाही, मृगापर्यंत थांबणार नाही. मी डोळे मिटले होते. खालच्या शेतात कोणीतरी धावत आल्याचं ऐकू आलं, टप्पा ऐकू आला, आणि मग तो आवाज. बारीक. स्वच्छ. कोणी ओरडलं नाही. कोणाच्या लक्षातच आलं नसावं.

"लागलो," मी म्हटलं.

सुमनचं सूप थांबलं. तिचं माहेर नदीपलीकडचं. त्या एका आऊटपायी तिनंही गावाचं खूप ऐकून घेतलंय, आणि मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता.

"मागीर?" ती म्हणाली. "आवट?"

माझं वाकडं बोट मांडीवरून जरासं उचललं गेलं होतं. मी ते दुसऱ्या हातानं खाली धरलं.

"माका नाका विचारूं," मी म्हटलं. "ताका विचार."

डोळे उघडून पाहिलं. खाली तो मुलगा पॅड चोळून पुन्हा खेळायला उभा राहत होता.